शेंगदाण्याचं तेल, पेंड आणि खाण्याचं प्रथिनयुक्त पीठ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही सातारा जिल्ह्यात शेंगदाण्याचं तेल काढतो आणि उरलेल्या पेंडेपासून माणसांनी खायचं पीठ करतो. तेल समजावून सांगावं लागत नाही, पिठाबद्दल मात्र रोज विचारणा होते. येणारे शेतकरी, गृहिणी, व्यायामशाळेतली मुलं आणि स्वतःचा घाणा टाकू पाहणारी मंडळी जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे.

पेंड तर म्हशीला घालतात. ती माणसांनी का खायची?

शेंगदाण्यात साधारण ४८ ते ४९ टक्के तेल असतं आणि २५ ते २६ टक्के प्रथिनं. तेल निघून जातं, प्रथिनं जवळजवळ सगळी पेंडेत राहतात. म्हणजे दाण्यातला ताकदीचा भाग आपण गोठ्यात पाठवतो आणि मग प्रथिनांची पावडर डब्यातून विकत आणतो.

पेंड गोठ्यात जाते याचं कारण ती निकस असते हे नाही. दाणे घाण्यात टाकताना माणसाच्या ताटाचा विचारच झालेला नसतो. सालं, खडे, माती, सुरकुतलेले आणि काळे पडलेले दाणे, सगळं एकदमच आत जातं. बाजारात डागी मालाबद्दल एक वाक्य हमखास ऐकू येतं: "तेलाला चालतंय की." चांगला दाणा खाऱ्या शेंगदाण्याला, मध्यम दाणा कुटाला आणि कुणालाच नको तो घाण्याला, अशी ती वाटणी आहे. पेंड बिघडते ती या वाटणीमुळे. खाली जे काही सांगितलं आहे त्यातला बराचसा भाग या एका वाक्याशी भांडण्यात गेला आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

१०० किलो शेंगांतून शेवटी हाताला काय लागतं?

जात, पाऊस आणि भरणा यांप्रमाणे आकडे बदलतात, पण ढोबळ हिशेब असा. १०० किलो वाळलेल्या शेंगा फोडल्या की ७० किलोच्या आसपास दाणे मिळतात, बाकी टरफलं. दाणे निवडून, हलके भाजून, साल आणि कोंब काढला की ६५ किलो राहिले असं धरा. त्यात तेल ३१ किलो. एक्सपेलरची, म्हणजे स्क्रूच्या दाबाने तेल काढणाऱ्या यंत्राची, पेंड ८ टक्के तेल धरून ठेवते असं मानलं, तर २८ किलोच्या आसपास तेल आणि ३६ ते ३७ किलो पेंड. त्या पेंडेत प्रथिनं सुमारे ४५ टक्के.

लिटर आणि किलोचा घोळ टाळा. शेंगतेलाची घनता पाण्यापेक्षा कमी असते, त्यामुळे १ किलो तेल म्हणजे जवळजवळ १.१ लिटर. भाव विचारताना "किलोचा की लिटरचा?" हे आधी विचारावं.

अफलाटॉक्सिनचा एवढा धसका का घेता?

१९६० साली इंग्लंडमध्ये काही महिन्यांत एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले. रोग कळेना म्हणून त्याला 'टर्की एक्स' असं नाव पडलं. शोध घेता घेता धागा ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडेपर्यंत पोचला. त्या पेंडेवर वाढलेल्या अस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीने विष तयार केलं होतं. बुरशीच्याच नावातली अक्षरं जोडून त्याला अफलाटॉक्सिन म्हटलं गेलं. हे विष यकृतावर घाला घालतं आणि माणसात कर्करोग घडवतं हे सिद्ध झालेलं आहे. जगाला याची ओळख झाली ती शेंगदाण्याच्या पेंडेतूनच, हे आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक हवं.

आता घाण्यात काय होतं ते बघा. हे विष तेलात फारसं उतरत नाही, बहुतेक पेंडेत राहतं. तेल निघून गेल्यावर पेंडेचं वजन दाण्यांच्या निम्म्याहून थोडंच जास्त उरतं, म्हणून तेवढंच विष कमी वजनात एकवटतं. दाण्यात १० पीपीबी (अब्जात १० भाग) असलं तर पेंडेत ते १७ ते १८ च्या घरात जाऊ शकतं. म्हणजे "तेलाला चालतंय" म्हणून घेतलेला दाणा तेलाला कदाचित चालेलही, पेंडेला अजिबात चालत नाही.

ती गुरांना घातली म्हणून प्रश्न मिटत नाही. गाईम्हशीच्या पोटात गेलेल्या या विषाचा काही भाग अफलाटॉक्सिन एम-१ या रूपात दुधात उतरतो. दुधासाठी त्याची मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम अशी ठरवून द्यावी लागली आहे. खराब पेंड गोठ्यात ढकलली की ती सकाळच्या चहात परत येते.

मर्यादा किती आहे? पीपीबी म्हणजे किती?

एक पीपीबी म्हणजे एका टनात एक मिलिग्रॅम. आपल्याकडे पुढे प्रक्रिया करायच्या दाण्यांसाठी एकूण अफलाटॉक्सिन १५ पीपीबीच्या आत हवं. युरोपात थेट खाण्याच्या शेंगदाण्याला एकूण ४ आणि त्यातल्या सर्वांत घातक बी-१ ला २ एवढीच मुभा आहे. निर्यातीचा माल म्हणूनच अपेडा या शेतमाल निर्यातीचं काम पाहणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या पीनट डॉट नेट या व्यवस्थेतून, लॉटनिशी तपासणी होऊन जातो.

बुरशी डोळ्यांना दिसते की. शिवाय भाजल्यावर मरते ना?

बुरशी मरते, विष मरत नाही. भाजण्याने ते काही प्रमाणात कमी होतं, पण घरच्या कढईतल्या किंवा भट्टीतल्या आचेवर भरवसा ठेवता येत नाही. उकळण्याने, तळण्याने तर नाहीच. आणि स्वच्छ दिसणाऱ्या दाण्यातही ते असू शकतं, कारण वाढून गेलेली बुरशी मागे रंग ठेवतेच असं नाही.

तरीही नजरेने निवडण्याचा मोठा उपयोग होतो. विष सगळ्या मालात सारखं पसरलेलं नसतं. हजारो दाण्यांत दोनचारच भरलेले असतात आणि ते सहसा सुरकुतलेले, रंग गेलेले, फुटके किंवा किडीने पोखरलेले निघतात. ते काढले की लॉटमधलं प्रमाण झपाट्याने खाली येतं. मोठ्या कारखान्यात हे काम कलर सॉर्टर, म्हणजे रंगावरून डागी दाणे वेगळं काढणारं यंत्र, करतो. आमच्याकडे यंत्र आणि नजर दोन्ही आहे. यंत्रातून आलेला माल पुन्हा टेबलावर पसरतो आणि त्यावर चार बायका बसतात. साल काढल्यावर डाळीच्या आतला डाग दिसतो, तो यंत्राच्या आधी त्यांच्या नजरेला येतो.

याच कारणाने मूठभर नमुना प्रयोगशाळेला पाठवून समाधान मानू नका. त्या मुठीत एखादा वाईट दाणा आला तर अख्खा लॉट वाईट ठरतो, नाही आला तर वाईट लॉट पास होतो. युरोपात मोठ्या लॉटचा नमुना २० किलोपर्यंत घेतात. आमचा एक लॉट पहिल्या वर्षी असाच फसवून गेला. छोट्या नमुन्यात स्वच्छ, आणि पीठ झाल्यावर मर्यादेच्या बाहेर. ते सगळं पीठ नष्ट केलं. तेव्हापासून पोत्यापोत्यातून बंबी (पोत्यात खुपसायची पोकळ नळी) मारून माल काढतो, एकत्र दळतो आणि मग त्यातला नमुना देतो.

शेतकऱ्याने काय सांभाळायचं?

खरी लढाई शेतातच होते. पिकाच्या शेवटच्या महिन्याभरात पाण्याचा ताण बसला आणि जमीन तापली की बुरशी शेंगेत शिरते. तेव्हा उपलब्ध असेल तर शेवटचं पाणी चुकवू नका. काढणी वेळेवर करा. टरफल आतून काळपट दिसायला लागलं की शेंग तयार झाली. जमिनीत उगाच राहू देऊ नका. उपटताना खुरप्याने, कुळवाने कापलेल्या शेंगा वेगळ्या काढा, कारण बुरशीला तेच दार असतं.

वेल उपटल्यावर शेंगा वर आणि पाला खाली असा पसरा. ओल्या वेलांचा ढीग करून ठेवला की आत ऊब धरते आणि दोन दिवसांत सगळं बिघडतं. दाण्यातला ओलावा ७ टक्क्यांच्या खाली यायला हवा. ओलावामापक नसेल तर शेंग कानाशी धरून हलवा, दाणा खुळखुळ वाजला पाहिजे आणि चोळल्यावर साल सुटली पाहिजे.

आणि एक हात जोडून विनंती. फोडणी यंत्रात दाणे फुटू नयेत म्हणून शेंगांवर पाणी मारण्याची पद्धत आहे. ते करू नका. आठवडाभर उन्हात केलेली मेहनत त्या एका शिंपडण्याने वाया जाते. आम्ही पाणी मारलेला माल घेत नाही, आणि कोरड्या शेंगेला जास्त भाव देतो. नुसतं "कोरडं आणा" असं सांगून शेतकऱ्याने तोटा का सोसावा?

लाकडी घाणा चांगला की एक्सपेलर?

तेल हवं असेल तर लाकडी घाण्याच्या वासाला तोड नाही. फिरणं संथ, उष्णता कमी, दाण्याचा स्वाद तसाच उतरतो. पण घाण्याची पेंड तेल जास्त धरून ठेवते, कितीही दाबली तरी १० टक्क्यांच्या वरच. ती दळायला गेलं तर जातं चिकटतं, पीठ गोळ्या धरतं आणि लवकर खवट होतं.

एक्सपेलरमध्ये स्क्रूच्या दाबाने पेंडेतलं तेल ६ ते ८ टक्क्यांपर्यंत येतं. त्याची अडचण उष्णता. घर्षणाने शंभर अंशांच्या वर तापमान सहज जातं. शेवटचा थेंब काढायच्या हट्टाने पेंड करपवली की प्रथिनातलं लायसिन हे शरीराला लागणारं अमिनो आम्ल साखरेशी बांधलं जातं आणि शरीराला मिळत नाही. प्रयोगशाळेच्या कागदावर प्रथिनाचा आकडा तोच राहतो, कस मात्र गेलेला असतो. म्हणून पेंडेचा रंग बघा. फिकट बदामी चांगली, तपकिरी म्हणजे जास्त तापलेली.

आम्ही खाण्याच्या पिठासाठी एक्सपेलर हळू चालवतो आणि थोडं तेल पेंडेत राहू देतो. तेवढं तेल कमी विकलं जातं, ही किंमत मोजावीच लागते.

पीठ नेमकं कसं तयार होतं?

निवडलेले दाणे मंद आचेवर भाजतो, रंग आणण्यासाठी नाही, साल सुटण्यापुरते. गार झाले की ब्लँचरमध्ये साल निघते, डाळ वेगळी होते आणि कोंब गळून पडतो. साल आणि कोंब दोन्ही कडवट असतात. सालीतल्या टॅनिनमुळे पिठाला लालसर रंग आणि तुरटपणा येतो. मग एक्सपेलर, मग पेंड पूर्ण गार करणं, मग दळणं आणि चाळणं. गरम पेंड दळायची घाई केली तर उरलेलं तेल सुटून चाळण बसते.

ऐकायला सोपं आहे आणि यंत्रं खरंच साधी आहेत. सगळा वेळ निवडण्यात जातो.

बाजारात एक टक्क्याहून कमी चरबीचं पीठ मिळतं. ते कसं करतात?

सॉल्व्हंटने. पेंडेवरून हेक्सेन हे तेल विरघळवणारं द्रावण फिरवतात, ते तेल ओढून घेतं, मग उष्णता देऊन हेक्सेन उडवून परत गोळा करतात. पूर्ण तेल काढलेल्या अशा पिठात प्रथिनं ५० टक्क्यांच्या वर जातात. हेक्सेन ६९ अंशांच्या आसपास उकळतं आणि त्याची वाफ अतिशय स्फोटक असते. त्याच्या सुरक्षेचं काम पाहणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. असं तेल रिफाइन केल्याशिवाय खाण्यासाठी विकता येत नाही. हा मोठ्या कारखान्याचा खेळ आहे. गावपातळीवर कुणी "छोटा सॉल्व्हंट प्लँट" सुचवला तर त्या वाटेला जाऊ नका.

आयसोलेट म्हणजे काय?

तेल काढलेलं पीठ किंचित अल्कलीयुक्त पाण्यात कालवतात, प्रथिनं विरघळतात, चोथा गाळून टाकतात. मग आम्ल घालून सामू ४.५ च्या जवळ आणला की प्रथिनं दुधासारखी फाटून खाली बसतात. ती धुऊन, वाळवून जी भुकटी होते त्यात ९० टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात. म्हैसूरच्या सीएफटीआरआय या अन्नसंशोधन संस्थेने शेंगदाण्याचं असं प्रथिन दुधात मिसळून 'मिल्टोन' नावाचं पेय केलं होतं. आम्ही आयसोलेट करत नाही.

दुसऱ्यांच्या पाकिटावर ५० टक्के प्रथिनं, तुमच्या पाकिटावर ४४. तुमचं पीठ हलकं आहे का?

बहुतेक वेळा पीठ सारखंच असतं, गुणाकार वेगळा असतो. प्रयोगशाळा प्रथिन थेट मोजत नाही, नायट्रोजन मोजते आणि त्याला एका आकड्याने गुणते. सरसकट वापरला जाणारा आकडा ६.२५. शेंगदाण्याच्या प्रथिनात नायट्रोजन जास्त असतो, म्हणून त्याच्यासाठी ५.४६ हा आकडा आहे. नायट्रोजन ८ टक्के निघाला तर एका हिशेबाने प्रथिनं ५० टक्के, दुसऱ्याने ४३.७. आम्ही ५.४६ ने गुणतो. पिठं तुलना करायची असतील तर अहवालात गुणक कोणता वापरला ते विचारा.

हे पीठ एकटंच खाल्लं तर पुरेसं आहे का?

नाही. शेंगदाण्याच्या प्रथिनात लायसिन कमी असतं. गहू आणि ज्वारीतही तेच कमी. त्यामुळे चपातीच्या कणकेत शेंगदाण्याचं पीठ मिसळलं की प्रथिनं वाढतात, पण ती उणीव तशीच राहते. ती भरून काढतात डाळी आणि दूध. सीएफटीआरआयच्या 'मल्टिपर्पज फूड' या मिश्रणात ७५ भाग शेंगदाणा पीठ आणि २५ भाग हरभऱ्याचं पीठ होतं, त्यामागे हाच विचार दिसतो. फ्रान्समध्ये १९९६ साली तीव्र कुपोषित मुलांसाठी 'प्लंपीनट' तयार झालं, त्यातही शेंगदाण्याच्या लगद्याबरोबर दूध पावडर आहे. मात्र आमचं पीठ म्हणजे कुपोषणावरचं औषध नव्हे. मूल वाळत चाललं असेल तर अंगणवाडी आणि दवाखाना आधी.

स्वयंपाकात सांगायचं तर थालीपिठाच्या भाजणीत, धपाट्यात, बेसनाच्या लाडवात पाचातला एक भाग घालून बघा. भरल्या वांग्याला कुटाऐवजी वापराल तर रस्सा दाट होतो पण तेलाचा तवंग येत नाही, तेव्हा निम्मा कूट, निम्मं पीठ ठेवा. उपासाच्या थालीपिठात राजगिऱ्याबरोबर ते फार छान लागतं. आमच्या निवडणाऱ्या बायकांनीच हे शोधलं.

हिवाळ्यात तेल गढूळ होतं. भेसळ आहे का?

नुसत्या गढूळपणावरून तसं म्हणता येत नाही. शेंगतेलात लांब साखळीची काही संपृक्त मेदाम्लं असतात, ती थंडीत आधी गोठतात. डबा उन्हाच्या उबेला ठेवला की तेल निवळतं. भेसळ ओळखायला प्रयोगशाळेत बेलियर चाचणी करतात. शुद्ध शेंगतेल त्या चाचणीत ३९ ते ४१ अंशांच्या दरम्यान गढूळ व्हायला लागतं.

तळणाबद्दलही विचारतात. न रिफाइन केलेलं तेल साधारण १६० अंशांपासून धूर सोडू लागतं, रिफाइन केलेलं २३० च्या आसपास. फोडणी, भाजी, चटणी यांसाठी घाण्याचं तेल. पुऱ्या तळायच्या तर आच सांभाळा, आणि धूर निघालेलं तेल पुन्हा कढईत घालू नका.

कोणत्या जातीचे दाणे घेता?

आमच्या भागात येणाऱ्या उपट्या (सरळ वाढणाऱ्या) जातीच जास्त. हाय ओलेइक जातींकडे मात्र आमचं लक्ष आहे. साध्या शेंगतेलात ओलेइक आम्ल हे मेदाम्ल ४० ते ५० टक्के असतं, या जातींत ८० च्या आसपास. त्यामुळे तेल आणि पीठ दोन्ही हवेने खवट व्हायला कितीतरी जास्त वेळ लागतो. मूळ वाण अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठात १९८७ साली नोंदवला गेला. आपल्याकडे जुनागडचं भुईमूग संशोधन संचालनालय आणि हैदराबादजवळची इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय पीकसंशोधन संस्था यांनी मिळून गिरनार-४ आणि गिरनार-५ आणल्या. कुणी लावल्या असतील तर तो माल वेगळा ठेवा, इतरांत मिसळू नका. मिसळला की गुण गेला.

पीठ किती दिवस टिकतं?

हवाबंद पाकिटात, थंड जागी तीन महिने. फोडल्यावर काचेच्या बरणीत, महिन्याभरात संपवा. तेल पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात साठवू नका, त्या धातूंनी ते लवकर खवटतं.

शेंगदाण्याची अॅलर्जी असणाऱ्यांनी घाण्याचं तेल खावं का?

नाही. घाण्याच्या तेलात पेंडेचे सूक्ष्म कण आणि प्रथिनांचा अंश राहतो. पीठ तर हाताळूही नये. आमच्याकडून बिस्किटांसाठी पीठ नेणाऱ्या प्रत्येकाला लेबलवर शेंगदाण्याचा ठळक उल्लेख करायला आम्ही सांगतो. नियमही तसाच आहे.

असा उद्योग सुरू करायचा आहे. आधी काय घेऊ?

ओलावामापक आणि निवडायचं टेबल. घाणा नंतर. एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा संस्थेची नोंदणी किंवा परवाना लागतो, आणि सुटं तेल विकू नका, सीलबंद आणि लेबल लावूनच विका. केंद्राच्या २०२० साली सुरू झालेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान कर्जाशी जोडून मिळतं. सध्याची स्थिती तालुका कृषी कार्यालयात विचारून घ्या. पीठ विकण्याआधी लॉटच्या तपासणीचा खर्च हिशेबात धरा. तो परवडत नसेल तर फक्त तेल करा, आणि तेही निवडलेल्या दाण्याचंच.

निवडून काढलेल्या खराब दाण्यांचं काय करता?

हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात. आजूबाजूला अशा दाण्यांना गिऱ्हाईक मिळतं, आम्हालाही दर मोसमात कुणीतरी भाव सांगून जातं. विकले तर ते दुसऱ्या घाण्यात जाणार, पेंड होणार आणि दावणीला लागणार. आम्ही ते टरफलांबरोबर भट्टीत जाळतो. दाणे भाजायची आच त्यातूनच निघते, आणि किती किलो जाळले ते त्या त्या लॉटच्या वहीत, शेतकऱ्याच्या नावासमोर लिहिलेलं असतं. पुढच्या मोसमात तोच शेतकरी शेंगा घेऊन येतो तेव्हा वजनकाट्याच्या आधी आम्ही दोघं मिळून ते पान उघडतो.